कोणता निर्णय कोणाचा? घटक संस्थांच्या अभियानाची घटना लिहिताना

राज्यपातळीवरच्या कुठल्याही अभियानाच्या समन्वय समितीची विषयपत्रिका काढून बघा. पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’, शेवटचा ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. पहिल्यावर तास-दीड तास जातो, कारण मागच्या खेपेला नेमकं काय ठरलं यावरच वाद असतो. शेवटच्या विषयापर्यंत पोचेस्तोवर साडेचार वाजलेले असतात, चंद्रपूर-नांदेडची मंडळी गाडी गाठायला उठलेली असतात, आणि उरलेल्या सात-आठ जणांत अभियानाची भूमिका ठरून जाते. पुढच्या सभेत पहिल्या विषयावर पुन्हा तास-दीड तास का जातो, ते वेगळं सांगायला नको.

रेशन, आरोग्य, वनहक्क, असंघटित कामगार, एकल महिला, विषय कोणताही असो, वीस-पंचवीस संस्था-संघटना एकत्र आल्या की मतभेद होणारच. त्याने अभियान मोडत नाही. मोडतं ते कोणता निर्णय कोणी घ्यायचा हे कागदावर नसल्यामुळे. कागदावर नसलं की अधिकार आपोआप तीन ठिकाणी जातो: जो हजर असतो त्याच्याकडे, जो मसुदा लिहितो त्याच्याकडे आणि ज्याच्या खात्यात पैसे येतात त्याच्याकडे. यात कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही.

म्हणून घटना किंवा सनद लिहायला बसलात की उद्दिष्टांच्या सुंदर परिच्छेदांवर दोन दिवस घालवू नका. ती कोणी पुन्हा वाचत नाही. निर्णयांची वाटणी आधी लिहा. चार प्रकार पुरतात.

पहिला, रोजचं कामकाज: मंजूर अंदाजपत्रकातला खर्च, बैठकीची जागा, प्रशिक्षणाच्या तारखा. हे पगारी समन्वयकाचं, त्यासाठी कोणाला फोन करायची गरज पडू नये. दुसरा, ठरलेली भूमिका पुन्हा मांडणं: निवेदन, पत्रक, टीव्हीवरची प्रतिक्रिया. हे निमंत्रक आणि समितीतले आणखी दोघे, त्यातला एक वेगळ्या विभागातला. तिसरा, नवी भूमिका. ही घटक संस्थांकडे गेलीच पाहिजे. आणि चौथा, अभियानाच्या अस्तित्वाचे निर्णय: घटनादुरुस्ती, कोणाला आत घेणं, कोणाला काढणं, मोठा देणगीदार स्वीकारणं, विसर्जन. यांना एकवीस दिवसांची लेखी नोटीस आणि सर्वसाधारण सभा.

भांडणं होतात ती दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या सीमेवर. समजा, रेशनवर काम करणाऱ्या अभियानाची भूमिका आहे की धान्याऐवजी रोख रक्कम नको. उद्या सरकारने आदेश काढला की रोख की धान्य ते कार्डधारकाने निवडावं. निमंत्रकाला वाटतं ही जुनीच भूमिका लागू होते, विरोधाचं पत्रक काढू. शहरातल्या एका संघटनेच्या बाया म्हणतात, आम्हाला निवड हवी, दुकानदार महिन्यातून दोन दिवस दुकान उघडतो. आता ही भूमिका जुनी की नवी? यावर चर्चा करत बसायचं नाही. नियम असा असावा की एका घटक संस्थेने जरी ‘ही नवी आहे’ असं लेखी कळवलं, तरी विषय तिसऱ्या प्रकारात जातो. याचा गैरवापर होईल अशी भीती सगळ्यांना वाटते. पण तिसऱ्या प्रकाराला ठरावीक मुदत असली तर एखाद्या संस्थेला फार तर दहा दिवस अडवता येतं, कायमचं नाही.

या मुदतींबद्दल. साधी नवी भूमिका असेल तर दहा दिवस, तातडीची असेल तर बहात्तर तास. बहात्तरपेक्षा कमी नको, कारण घटक संघटनेच्या कार्यकर्त्या दिवसा कामावर असतात, त्यांना आपल्या वस्तीत एक बैठक तरी घ्यायला एक संध्याकाळ मिळालीच पाहिजे. आणि मौनाचा अर्थ आधी लिहून ठेवा. दुसऱ्या प्रकारात उत्तर आलं नाही तर संमती धरावी. तिसऱ्या प्रकारात मौन म्हणजे संमती नव्हे, ती संस्था त्या पत्रकावर नसेल एवढंच. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा तर कुठेच संमती धरू नये. तो ‘पाहिलं’ या अर्थाने दिलेला असतो आणि दोन महिन्यांनी तोच पुरावा म्हणून समोर येतो.

पत्रकाच्या तळाशी काय छापायचं हाही निर्णयच आहे. ‘अभियानाच्या सर्व घटक संस्थांच्या वतीने’ हे वाक्य फक्त दुसऱ्या प्रकारात वापरा. नव्या भूमिकेवर संस्थांची नावं एकेक करून द्या, ज्यांनी होकार कळवला त्यांचीच. सव्वीसपैकी एकोणीस नावं दिसली तर वार्ताहर विचारतो, बाकीच्या कुठे? त्याचं उत्तर सोपं आहे: त्यांच्याकडे चर्चा चालू आहे. या उत्तराची लाज वाटून जे सगळ्यांची नावं घालून मोकळे होतात, त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच वर्तमानपत्रात खुलासा छापून आणावा लागतो.

कायद्याच्या मसुद्यांना मात्र बहात्तर तासांची घाई क्वचितच असते. केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. हे धोरण पाळलं जातंच असं नाही, पण जिथे ३० दिवस मिळतात तिथेही अभियानं पहिले तीन आठवडे मसुदा एकमेकांना पाठवण्यात घालवतात आणि शेवटच्या दोन रात्री कोणीतरी पुण्या-मुंबईत बसून हरकती लिहितं. दिवस उलटे मोजा. तिसाव्या दिवशी पाठवायचं, तर अठ्ठाविसाव्या दिवशी मजकूर गोठला पाहिजे. त्याआधीचे पाच दिवस आलेल्या सूचना एकत्र करायला. त्याआधीचे बारा दिवस घटक संस्थांच्या स्वतःच्या बैठकांना. उरले अकरा, त्यात मसुदा वाचून चार पानांचं मराठी टिपण तयार व्हायला हवं: काय बदलतं, कोणावर परिणाम, आपल्याला कुठे ठरवायचंय, प्रत्येक मुद्द्याला हो-नाही-दुरुस्ती अशी जागा. टिपण अकराव्या दिवसाच्या पुढे गेलं की ‘सामूहिक निर्णय’ हा देखावा होतो, कारण ज्यांना इंग्रजी मसुदा वाचता येतो तेवढेच लोक मत देऊ शकतात. भाषेचा मुद्दा छोटा नाही. २०२० च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की तो आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आणा, आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढली. सरकारकडून आपण जे मागतो ते अभियानाच्या आत पाळलं जातं का, हे तपासायला हे उदाहरण बरं पडतं.

सदस्य कोण, प्रतिनिधी कोण

एका बाजूला सत्तर पगारी माणसांची संस्था, दुसऱ्या बाजूला तीन तालुक्यांतल्या मोलकरणींची संघटना जिच्याकडे कार्यालय नाही पण चार हजार सभासद आहेत, तिसरीकडे दोन वकील आणि एक झेरॉक्स मशीन असलेला गट. एक संस्था एक मत, हे सूत्र या तिघांवर अन्यायकारक आहे, आणि तरीही तेच ठेवावं असं माझं मत आहे. सभासदसंख्येवर मत मोजायला गेलात की प्रत्येकजण आकडे फुगवतो आणि ते तपासायला यंत्रणा लागते. अन्याय कमी करायचा तर समितीच्या जागांत करा: निम्म्याहून जास्त जागा जनसंघटनांना, प्रत्येक विभागाला किमान एक, म्हणजे कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, मराठवाडा आणि विदर्भ. विदर्भाला दोन दिल्यात तर उत्तम. गडचिरोलीचा माणूस बुलडाण्याचं प्रतिनिधित्व करू शकत नाही.

सदस्यत्वाच्या अर्जाबरोबर संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव घ्या. त्यात दोन नावं हवीत, मुख्य आणि पर्यायी, दोघांत एक तरी बाई. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे अधिकारपत्र: हा प्रतिनिधी जागच्या जागी कशाला होकार देऊ शकतो आणि कशासाठी परत विचारून येणार. अर्ध्या पानाचं पत्र असतं, पण ते नसलं की दोन टोकं दिसतात. एक जण प्रत्येक मुद्द्यावर ‘विचारून सांगतो’ म्हणतो. दुसरा सगळ्याला मान डोलावतो आणि आठवड्याने त्याच्या संस्थेच्या अध्यक्षांचा फोन येतो की आम्ही असं कधी म्हणालोच नव्हतो. सलग तीन सभांना गैरहजर राहणाऱ्या संस्थेचा मताधिकार निलंबित करावा, आणि दर बैठकीला नवीन माणूस पाठवणाऱ्या संस्थेचाही. कठोर वाटतं, पण दर वेळी नव्या माणसाला मागचं सगळं समजावून सांगण्यात जाणारा वेळ इतरांचा असतो.

प्रवासाचे पैसे त्याच दिवशी, हातात. बिलं पाठवा, महिन्याने जमा करू, असं म्हटलं की पुढच्या सभेला त्याच संस्था येतात ज्यांच्याकडे आगाऊ खर्च करायला पैसा आहे. झूमवर बैठक घेतल्याने हे सुटत नाही. रेंज नसलेल्या गावातली बाई स्क्रीनवर काळा चौकोन होऊन बसते आणि मतदान संपल्यावर तिचा आवाज येतो.

सहमती कशी मोजायची

‘आम्ही मतदान घेत नाही, सहमतीने ठरवतो’ असं अभिमानाने सांगितलं जातं. बहुतेक ठिकाणी याचा अर्थ असतो की ज्येष्ठ मंडळी बोलली आणि कोणी विरोध केला नाही. खरी सहमती फार कष्टाची असते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ती वर्षानुवर्षं चालवून दाखवली. तिथे ग्रामसभेचा निर्णय सर्वसहमतीनेच होतो. पण ते गाव पाहायला जाणाऱ्यांचं दुसऱ्या अर्ध्याकडे लक्ष जात नाही. ग्रामसभेच्या जोडीला तिथे अभ्यासगट असतो. अभ्यासगटात विषय उलगडतात, बाहेरचे जाणकारही बोलतात, पण तिथे निर्णय घेतला जात नाही. निर्णय ग्रामसभेत, गावकऱ्यांचा. चर्चेची जागा आणि निर्णयाची जागा वेगळी ठेवली म्हणून सहमती शक्य होते. अभियानांनी उचलायची गोष्ट ती आहे. समन्वय समितीच्या सहा तासांच्या बैठकीत माहिती देणं, समजून घेणं, भांडणं आणि ठरवणं हे सगळं कोंबलं की शेवटी थकवा जिंकतो.

सभेत प्रत्येक प्रतिनिधीला चारपैकी एक उत्तर द्यायला लावा, नाव घेऊन, इतिवृत्तात नोंदवून: ‘सहमत’; ‘सहमत, पण ही शंका नोंदवा’; ‘आमची संस्था यात नाही, पण आड येणार नाही’; ‘आमचा अटकाव आहे’. अटकावाला दोन अटी. तो सनदेतल्या एखाद्या कलमाच्या आधारे असला पाहिजे, आणि अटकाव करणाऱ्याने दहा दिवसांत पर्यायी मसुदा दिला पाहिजे. दिला नाही, किंवा त्यावरही जमलं नाही, तर तीन चतुर्थांश मताने निकाल.

तिसरं उत्तर, बाजूला उभं राहणं, फार उपयोगाचं आहे, पण त्याला मर्यादा आहे. सर्व सेवा संघात, म्हणजे सर्वोदयी कार्यकर्त्यांच्या देशव्यापी संघटनेत, सर्वसहमतीची रीत होती. १९७४ साली जयप्रकाश नारायणांच्या नेतृत्वाखालच्या बिहार आंदोलनात उतरायचं का यावर विनोबांना मानणारे आणि जयप्रकाशांबरोबर गेलेले असे दोन तट पडले. त्या जुलैत वर्ध्याला तोडगा निघाला तो साधारण याच जातीचा: ज्यांना आंदोलनात जायचं आहे त्यांनी सत्य, अहिंसा आणि संयम पाळून जावं. पण दरी बुजली नाही, १९७५ साली संघ दुभंगलाच. व्यक्ती किंवा एखादी संस्था स्वतंत्रपणे जे करू शकते तिथे बाजूला उभं राहता येतं. प्रश्न सगळ्यांच्या सामाईक नावाचा असेल, तर बाजूला उभा असलेलाही लोकांच्या नजरेत आतच असतो. अशा प्रश्नांना चौथ्या प्रकारात टाका आणि सरळ मतदान घ्या.

आता आकडे, कारण घटनेत इथेच चुका होतात. सव्वीस संस्थांचं अभियान धरा. गणपूर्ती निम्मी म्हणजे तेरा. ‘उपस्थितांच्या तीन चतुर्थांश’ असं लिहिलंत तर तेराचे तीन चतुर्थांश ९.७५, म्हणजे दहा. सव्वीस संस्थांची भूमिका दहा संस्था ठरवणार. म्हणून नव्या भूमिकेसाठी असं लिहा: उपस्थितांच्या तीन चतुर्थांश, आणि एकूण सदस्यांच्या किमान निम्म्या. चौथ्या प्रकारासाठी टक्केवारी एकूण सदस्यांवरच: सव्वीसचे तीन चतुर्थांश १९.५, म्हणजे वीस. अपूर्णांक वर जाईल की खाली हेही लिहा. एकोणीस मतं पडल्यावर त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. तटस्थ मतं मोजायची की वगळायची, तेही.

एक सापळा खास आपल्याकडचा. संस्थांच्या छापील नियमावलीत एक वाक्य हमखास असतं: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला ते ठीक आहे. राज्यभर पसरलेल्या अभियानात या वाक्याचा अर्थ असा की यजमान शहरातल्या पाच संस्थांनी चहा पिऊन परत आत यायचं आणि काहीही ठरवायचं. नमुना नियमावली टंकून घेताना हे वाक्य न पाहता आत येतं. तहकूब सभेत फक्त पहिल्या दोन प्रकारांचे निर्णय होतील, अशी पुस्ती जोडा. आयत्या वेळच्या विषयांनाही तीच मर्यादा.

मंत्रालयात गेलेलं शिष्टमंडळ

सभेत लोकशाही असते, मंत्र्यांच्या दालनात ती सुटते. पाच जण आत जातात, मंत्री म्हणतात, ‘दोन मागण्या आत्ता मान्य करतो, उपोषण मागे घ्या, बाहेर कॅमेरे उभे आहेत.’ त्या क्षणी पाच जणांनी काय करावं, हे आत जाण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

याचं पाहण्यासारखं उदाहरण केंद्राच्या तीन कृषी कायद्यांविरुद्ध २०२०-२१ मध्ये आंदोलन करणाऱ्या संयुक्त किसान मोर्चाचं आहे. चाळीसच्या आसपास संघटना, त्यातल्या अनेकांचं एकमेकांशी जुनं वैर. २० जानेवारी २०२१ ला विज्ञान भवनातल्या दहाव्या फेरीत सरकारने तिन्ही कृषी कायदे दीड वर्ष स्थगित ठेवण्याचा आणि संयुक्त समिती नेमण्याचा प्रस्ताव दिला. तोवरचा तो सगळ्यात मोठा प्रस्ताव होता. आत बसलेल्या नेत्यांनी तिथे होही म्हटलं नाही आणि नाहीही. दुसऱ्या दिवशी मोर्चाच्या सर्वसाधारण सभेत प्रस्ताव ठेवला गेला, तिथे तो नाकारला गेला, आणि २२ तारखेच्या अकराव्या फेरीत सरकारला ते कळवलं. निर्णय बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. तो कोणाचा होता याबद्दल वाद राहिला नाही.

शेवटालाही तेच. संसदेने २९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे रद्द केल्यावर उरलेल्या मागण्यांसाठी ४ डिसेंबरला पाच जणांची समिती नेमली गेली, महाराष्ट्रातले डॉ. अशोक ढवळे त्यात होते. ७ तारखेला सरकारचा लेखी मसुदा आला. त्यात गुन्हे मागे घेण्याला आधी आंदोलन संपवण्याची अट होती. मोर्चाने तो शंका नोंदवून परत पाठवला, सुधारित मसुदा आला, आणि ९ डिसेंबरला कृषी सचिवांचं अधिकृत पत्र हातात पडल्यावरच आंदोलन स्थगित झालं. तोंडी आश्वासनावर नाही.

आपल्या पातळीवर यातून एक पानी सूचनापत्र बनतं. शिष्टमंडळात कोण पाच, बोलणार कोण, टिपणं कोण घेणार. कोणत्या मागण्यांवर जागेवर तडजोड चालेल आणि कोणत्या सोडायच्या नाहीत. प्रस्ताव आला तर ‘आमच्या समितीपुढे ठेवून अमुक तारखेपर्यंत लेखी कळवतो’ हे वाक्य, तारखेसकट. बैठकीचं इतिवृत्त विभागाने द्यावं अशी मागणी तिथेच करायची, आणि आठ दिवसांत आलं नाही तर आपणच आपल्या टिपणांवरून पत्र लिहून विभागाच्या आवक कक्षात शिक्का मारून घ्यायचा. मंत्र्यांबरोबरचा फोटो ग्रुपवर टाकायचा तो सगळ्यात शेवटी. आधी काय बोलणं झालं ते.

पैसे कोणाच्या खात्यात

बहुतेक अभियानं नोंदणीकृत नसतात. एखादी घटक संस्था यजमान असते. तिच्या खात्यात पैसे, तिच्या पगारपत्रकावर समन्वयक, तिच्याच कार्यालयात एक टेबल. हे सोयीचं आहे आणि मी याच्या विरोधात नाही. पण समन्वयकाची रजा, पगारवाढ आणि मूल्यमापन यजमान संस्थेच्या संचालकाकडे असेल, तर समन्वयक अभियानाचा नाही, त्या संस्थेचा आहे. करार करा, तीन पानांचा: मूल्यमापन समन्वय समितीतले तिघे करतील, यजमान संस्थेचा त्यात जास्तीत जास्त एक, दर तिमाहीला खर्चाचा तक्ता सगळ्या घटक संस्थांना, निमंत्रकपद यजमान संस्थेकडे नसेल, वेगळं व्हायचं तर साठ दिवसांची नोटीस.

परदेशी निधीचं गणित सप्टेंबर २०२० पासून पार बदललं. परदेशी अंशदान कायद्यातल्या (एफसीआरए) दुरुस्तीनंतर एक संस्था आपल्याकडे आलेला असा निधी दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, तिचीही एफसीआरए नोंदणी असली तरी. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. आधी यजमान संस्था जिल्ह्यातल्या छोट्या संघटनांना वर्षाला थोडी थोडी रक्कम वळती करायची. ते बंद झालं. आता प्रशिक्षण, छपाई, प्रवास हा खर्च यजमान संस्थेला स्वतःच करावा लागतो. म्हणजे तालुक्यातली बैठक कोणत्या हॉलमध्ये होईल हेही तिचा हिशेबनीस ठरवतो. कायद्याने सत्ता केंद्राकडे ओढली ती अशी, आणि अभियानाच्या घटनेत याचा उल्लेखही नसतो. जिल्हानिहाय खर्चाची योजना वर्षाच्या सुरुवातीला समितीने मंजूर करणं, हा त्यावर अर्धामुर्धा का होईना उपाय आहे.

मोर्चे, बंद यांमुळे ‘राजकीय स्वरूपाची संघटना’ ठरवून परदेशी निधी रोखला जाण्याची भीती असते. ६ मार्च २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सक्रिय राजकारणाशी किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संघटनेने लोकांच्या हक्कांसाठी बंद-हरताळाला पाठिंबा दिला एवढ्यावरून तिला तसं ठरवता येणार नाही. तो खटला इंडियन सोशल अ‍ॅक्शन फोरमचा होता, जो स्वतःच शेकडो संघटनांचा मंच आहे. तरीही परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला यजमान करताना समितीने हा धोका चर्चेला घेऊन तसं नोंदवावं.

वर्गणी जरूर घ्या, ऐपतीनुसार तीन दरांनी, छोट्या संघटनेला पाचशे रुपयेही चालतील. त्यातून फार काही उभं राहत नाही. पण सभेचा चहा आणि पत्रकाची छपाई देणगीदाराच्या पैशावर अवलंबून नसली की आवाज मोकळा राहतो.

नोंदणी करायची ठरलीच तर १८६० चा संस्था नोंदणी कायदा, सात जण, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद. इथे घटक संस्थांचे प्रतिनिधी व्यक्ती म्हणून शेड्यूल एकच्या (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त नोंदवहीच्या) उताऱ्यावर चढतात. चार वर्षांनी त्यातला एखादा आपली संस्था सोडतो, पण उताऱ्यावर त्याचं नाव राहतं, बँकेत त्याची सही राहते. नियमावलीत स्पष्ट हवं की ही जागा संस्थेच्या अधिकारपत्राला बांधलेली आहे. पत्र मागे घेतलं की जागा रिकामी. आणि बदल झाल्यापासून ९० दिवसांत कलम २२ खालचा चेंज रिपोर्ट, म्हणजे हा बदल कळवणारा अर्ज, दाखल झालाच पाहिजे. तीन-तीन कार्यकारिण्यांचे चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात तुंबलेले असले की बँक जुन्याच लोकांना ओळखते, आणि वाद झाला तर तेच जुने लोक अभियान चालवतात.

ठरावाची भाषा

‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन योग्य तो निर्णय घेण्याचे सर्वानुमते ठरले.’ महाराष्ट्रातल्या प्रोसिडिंग बुकांत हे वाक्य किती वेळा लिहिलं गेलं असेल! यात काय ठरलं? काहीच नाही. आणि सर्वानुमते.

कामाचा ठराव असा असतो: ‘ठराव क्र. ७. आशा कार्यकर्त्यांच्या मानधनाच्या थकबाकीबाबत आरोग्य संचालकांना निवेदन द्यावे. मसुदा नाशिकची संस्था १२ तारखेपर्यंत करेल. अंतिम मंजुरी निमंत्रक व दोन सदस्य. सहमत १४, शंका नोंदवून सहमत २ (शंका: प्रोत्साहन भत्त्याचा मुद्दा स्वतंत्र ठेवावा), बाजूला १, अटकाव नाही. आढावा: पुढील बैठक.’ सूचक-अनुमोदक लिहायचे तर लिहा, पण आकडे आणि शंका गाळू नका. ज्यांची शंका नोंदवली गेली ते पुढच्या वेळी येतात. ज्यांची गिळली गेली ते येत नाहीत.

ठराव सभा उठायच्या आत, सगळे बसलेले असताना, मोठ्याने वाचायचे. अठ्ठेचाळीस तासांत पीडीएफ, सात दिवस दुरुस्तीला, मग कायम. पुढच्या सभेतला पहिला विषय दहा मिनिटांत संपतो.

अभियानाच्या कार्यक्रमात लैंगिक छळाची तक्रार आली तर ती कोणाकडे, हेही याच कागदांत असावं. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असते; त्याहून लहान संस्थेतल्या बाईला जिल्ह्याची स्थानिक समिती. पण आरोपी एका घटक संस्थेचा, तक्रारदार दुसऱ्या संस्थेची, शिबिर तिसरीचं, अशा वेळी प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तक्रार कोण स्वीकारेल आणि योग्य समितीपर्यंत ती कोण पोचवेल, त्या दोन बायांची नावं आधीच जाहीर करा. आणि चौकशी चालू असेतो त्या प्रतिनिधीचं व्यासपीठ बंद.

निवडणूक आणि शेवट

निवडणुका आल्या की प्रत्येक अभियानाची एक जुनी जखम उघडी पडते. पदाधिकारी उमेदवार झाला तर पद त्याच दिवशी सुटलं, हे लिहिलेलं असावं. घटक संघटनाच निवडणुकीत उतरली तर? संयुक्त किसान मोर्चापुढे हा प्रश्न लगेच आला. पंजाबातल्या काही संघटनांनी संयुक्त समाज मोर्चा काढून विधानसभा लढवायचं ठरवलं, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये मोर्चाने जाहीर केलं की निवडणुकीत उतरलेल्या संघटना मोर्चाचा भाग राहणार नाहीत. आधी लिहिलेला नियम असता तर हा निर्णय माणसांवरचा निकाल वाटला नसता.

उद्दिष्ट साध्य झालं तर काय, हा विचार तर कोणीच करत नाही. संयुक्त महाराष्ट्र समिती फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात स्थापन झाली. घटक पक्ष एकमेकांचे विरोधक, पण मागणी एक. १ मे १९६० ला राज्य आलं, आणि समिती ठेवायची की नाही यावरून घटक पक्षांत फाटलं. प्रजा समाजवादी पक्ष बाहेर पडला. मागणी पुरी झाल्यावर एकत्र राहायचं कारण काय, याचं उत्तर मागणी पुरी होण्याआधी मिळवणं सोपं असतं. दर तीन वर्षांनी ‘अभियान चालू ठेवावे का’ हा विषय चौथ्या प्रकारात आपोआप यावा, अशी तरतूद करता येते.

विसर्जनाचं कलम दोन ओळींचं असलं तरी चालेल, पण असावं. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेचं विसर्जन सदस्यांच्या तीन पंचमांश मतांनी होतं आणि उरलेली मालमत्ता सदस्यांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. नोंदणी नसलेल्या अभियानात सगळंच यजमान संस्थेकडे उरतं: संगणक, वेबसाइटचं नाव, फेसबुक पान, बारा वर्षांची सर्वेक्षणं, हजारो कार्यकर्त्यांचे फोन नंबर. यातली सर्वेक्षणं आणि नंबर कोणाचे, ते वापरायला कोणाची परवानगी लागेल, हे यजमान संस्थेबरोबरच्या करारातच घाला, आणि पासवर्ड पहिल्या दिवसापासून दोन वेगवेगळ्या संस्थांकडे ठेवा.